सात मिलिमीटर

दोन वर्षं नुकतीच पूर्ण झालेला मुलगा. पट्टीवर आकडा आला ८१.३ सेंटिमीटर. तो वयाच्या मानाने खुजा आहे की नाही?

एवढ्यावरून सांगता येत नाही. त्याला आडवं निजवून मोजलं की उभं करून, हे आधी विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चोवीस महिन्यांच्या मुलग्यासाठी खुजेपणाची रेघ आडव्या मापात ८१.७ वर आहे आणि उभ्या मापात ८१.० वर. निजवून मोजलं असेल तर मुलगा रेघेखाली गेला, उभं करून मोजलं असेल तर रेघेच्या वर राहिला. उभं राहिलं की अंगाचा भार कण्यावर येतो आणि माप जरासं कमी भरतं. तो फरक ०.७ सेंटिमीटर धरतात. दोन वर्षांच्या आतलं मूल निजवून मोजायचं, त्यापुढचं उभं करून. लहान मूल निजायलाच तयार नसेल आणि उभं मोजावं लागलं, तर सात मिलिमीटर मिळवायचे. मोठं मूल निजवून मोजलं, तर तेवढेच वजा करायचे. बासमतीच्या एका कच्च्या दाण्याएवढं हे अंतर. नोंदीत नुसता ‘उंची’ असा एकच रकाना असला, की हा दाणा हरवतो आणि त्याच्याबरोबर एक मूल या यादीतून त्या यादीत जातं.

हे तक्ते ज्या अभ्यासातून आले, तो १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत झाला: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. तिथे प्रत्येक मुलाला दोन प्रशिक्षित माणसं स्वतंत्रपणे मोजत. दोघांच्या मापात उंचीला सात मिलिमीटरपेक्षा किंवा वजनाला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, की पुन्हा मोजत. म्हणजे चांगली साधनं, तयार हात आणि पुरेसा वेळ असतानाही सात मिलिमीटरपर्यंतचा फरक माणसाचा म्हणून सोडून दिला होता. २००६ मध्ये ते तक्ते जाहीर झाले, २००८ मध्ये आपल्या अंगणवाड्यांनी स्वीकारले. त्याआधी ‘श्रेणी एक ते चार’ चालायच्या. मेळघाटाच्या बातम्यांमधली ‘श्रेणी तीन आणि चारची मुलं’ आठवत असतील. त्या श्रेण्या जुन्या हार्वर्ड प्रमाणाच्या टक्केवारीवर बेतलेल्या होत्या. तक्ता बदलला त्या दिवशी एकाही मुलाचं वजन बदललं नाही, तरी कितीतरी मुलांची जागा बदलली.

आता हेच माप पुण्यातल्या वस्तीत घेऊन पाहू. जनता वसाहतीत किंवा येरवड्यात अंगणवाडी पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत भरते. उंचीच्या दांड्याला सपाट जमीन आणि सरळ भिंत लागते, आणि खोलीची शहाबादी फरशी एका बाजूला उतरलेली असते. मुलाच्या टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग दांड्याला टेकायला हवेत. नजर समोर हवी, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. मुलीच्या डोक्यावर बो असेल तर सोडायचा, वेणी वर बांधलेली असेल तर खाली घ्यायची. निजवून मोजायचं तर दोन माणसं लागतात. एकीने डोकं स्थिर पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पावलं सरकत्या पट्टीला लावायची. मदतनीस त्या वेळी खिचडी वाटत असते, म्हणून दुसरे हात आईचे असतात. आई गुडघे दाबायला कचरते. गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि मूल सेंटिमीटरभर आखूड भरतं.

वजनाचंही तसंच. लटकत्या काट्याला आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा लागतो. हे राहून गेलं तर झोळीचं वजन प्रत्येक मुलाच्या वजनात मिसळतं, आणि सगळीच सारखी फुगल्यामुळे ते लक्षातही येत नाही. मूल पाय झाडतं, काटा हलतो, मग मधला कुठलातरी आकडा धरला जातो. डिसेंबरात स्वेटर, कानटोपी आणि दोन झबली मिळून पाव किलो सहज होतं. मार्चमध्ये तेच मूल उघड्या अंगाने काट्यावर चढतं आणि कागदावर त्याचं वजन ‘घटतं’.

वयाकडे तर कुणी फारसं बघतच नाही. सगळी गणितं महिन्यांतल्या वयावर उभी असतात. छत्तीस महिन्यांच्या मुलग्याला कमी वजनाची रेघ ११.३ किलोवर आहे, चौतीस महिन्यांच्याला सुमारे ११ वर. वजन ११.१ असेल तर दोन महिन्यांच्या अंदाजावर सगळा निकाल ठरतो. आपल्याकडे १ जून हा वाढदिवस किती जणांचा असतो, ते कुठल्याही कचेरीच्या हजेरीपटावर बघावं. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी तीच तारीख घातली. वाघोली-हिंजवडीच्या बांधकामावर आलेल्या मजुराच्या मुलाचा जन्मदाखला गावी राहिलेला असतो. अशा वेळी सणांच्या आधाराने विचारावं लागतं. पोळ्याच्या आधी झाला की नंतर? दसऱ्याला केवढा होता, मान धरत होता का? नीट विचारलं तर महिना सापडतो. त्याला पाच-सात मिनिटं लागतात.

इथवरच्या चुका प्रामाणिक आहेत. झोळी किंवा गुडघ्यासारख्या काही सोडल्या तर त्या दोन्ही बाजूंना पडतात: कुणी आखूड भरतं, कुणी लांब. शंभर-दोनशे मुलांच्या सरासरीत त्या बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. राजकारण सुरू होतं ते चूक कुणाच्या तरी सोयीने एकाच बाजूला कलायला लागते तेव्हा.

मासिक बैठकीत एखाद्या सेविकेला ‘तुमच्याच अंगणवाडीत एवढी सॅमची (तीव्र कुपोषित) मुलं कशी?’ असं सगळ्यांसमोर विचारलं गेलं, की पुढच्या महिन्यात रेघेच्या जराशी खालची मुलं जराशी वर जातात. कुणी ठरवून खोटं लिहितं असं नाही. हलत्या काट्यातून नऊ पूर्णांक नऊ आणि दहा पूर्णांक एक हे दोन्ही वाचता येतात. आता दहा पूर्णांक एक वाचलं जातं. उलटही होतं. तीव्र कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्र सुरू करायचंय, जादा आहार मिळणार आहे, तर रेघेवरची दोन मुलं खाली येतात. ओळखायची खूण सोपी आहे. शे-दोनशे वजनांचे फक्त शेवटचे अंक काढून मोजावेत. शून्य ते नऊ हे दहाही अंक साधारण सारखे आले पाहिजेत, प्रत्येकी दहातला एक. शून्य आणि पाचच फार दिसले तर वजनं अंदाजाने लिहिली आहेत. आणि रेघेच्या किंचित वर आकड्यांचा ढीग दिसला, रेघेखाली मात्र खळगा, तर ती वजनं कुणाच्या तरी भीतीने लिहिली आहेत. हे तपासायला वही आणि पेन पुरतं. सापडल्यावर सेविकेला नोटीस काढली तर पुढच्या वेळी तोच ढीग जास्त सफाईने लिहिला जाईल. बैठकीत तो प्रश्न कुणी आणि कसा विचारला, ते आधी शोधायला हवं.

मोजणं बंद करावं असं मला वाटत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ने, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने, घरोघरी जाऊन जन्म-मृत्यू मोजले आणि सरकारी नोंदीत कधी न आलेले बालमृत्यू समोर आणले. तिथे मोजणीच दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण कातडीखालच्या चरबीची जाडी चिमट्याने मोजली, तेव्हा वजनात एवढं मागे असलेलं आपलं बाळ चरबीत मात्र तितकं मागे नव्हतं. नुसत्या काट्यावर ते ‘हडकुळं’ ठरलं असतं आणि पुढच्या मधुमेहाचा धागा हातात आलाच नसता. एक माप पुरत नाही म्हणून दुसरं घेतलं गेलं. तिथे आकडा प्रश्न विचारण्यासाठी होता.

आकड्याला पैसे किंवा शिक्षा बांधली की काय होतं, हे पुण्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्या काळी मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरवण्याची पद्धत होती; विलायतेत ती १८६२ च्या नियमावलीपासून चालू होती. फुल्यांनी स्पष्ट म्हटलं, की गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. या लोकांत अजून शिक्षणाची गोडी निर्माण झालेली नाही, आणि पोट भरणार नाही म्हटल्यावर कुठला शिक्षक त्यांच्यात आपण होऊन शाळा काढेल? सगळ्या मुलांना एकच फूटपट्टी लावली की खर्च त्या फूटपट्टीला आधीच पुरून उरणाऱ्या मुलांकडे वळतो, हे त्यातून दिसतं.

आजची फूटपट्टी मोबाईलमध्ये आहे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप आलं. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन जुने, मेमरी अपुरी, ॲप इंग्रजीत. ज्या बाईने वीस वर्षं मराठीत नोंदी ठेवल्या, तिच्या कामाची नोंद तिलाच वाचता येऊ नये, यात तांत्रिक अडचणीपेक्षा जास्त काही होतं. तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तेव्हा मिळाला. आणि या मानधनावरच्या बाईने देशातला सगळ्यात मोठा बालकांचा डेटा रोज भरायचा. चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी. समजा पन्नास मुलं मोजायची आहेत. उंची आणि वजन नीट घ्यायचं तर मुलामागे पाच मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं, मूल रडणार नाही असं धरून. हा वेळ येतो कुठून? गाणी, गोष्टी, मणी ओवणं, चिकणमाती यांच्यातून. बालशिक्षणाचं मोजमाप बालशिक्षणाचाच वेळ खातं.

वजन-उंचीला निदान काटा तरी आहे. शिकण्याला काय लावणार?

‘रंग ओळखतो: हो / नाही’ ही प्रगतिपत्रकातली नेहमीची ओळ घ्या. तीन वर्षांच्या मुलीला निळा मणी दाखवून ‘हा कुठला रंग?’ विचारलं, ती गप्प. ‘नाही’वर खूण. पण ‘यातला निळा मणी मला दे’ म्हटलं असतं तर तिने बरोबर उचलला असता. माँटेसरीच्या बायांना हे तीन पायऱ्यांत शिकवतात: हा निळा; निळा दाखव; हा कुठला? दुसरी पायरी ओळखण्याची, तिसरी नाव आठवून सांगण्याची, आणि दोन्हींमध्ये काही आठवडे जाऊ शकतात. फॉर्ममध्ये दोन्हींना एकच रकाना. शिवाय एखादी ‘वांगी कलर’ म्हणते. तिला रंग कळलाय, मंडईतून कळलाय. तिच्यासाठी ‘हो’ की ‘नाही’?

मोजण्याचंही तेच. मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं, घरचे खूश. मग चिंचोक्यांच्या ढिगातून ‘मला पाच दे’ म्हणावं. ते ओंजळभर देतं. अंकांचा क्रम पाठ असणं, एका चिंचोक्याला एकच अंक लावणं आणि शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची संख्या हे कळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिसरी सगळ्यात उशिरा येते. ‘वीसपर्यंत अंक येतात’ या ओळीत फक्त पहिली मोजली जाते, कारण ती ऐकायला अर्धं मिनिट लागतं.

त्यात आपली भाषा. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी, वीस नंतर. लिहिताना दोन आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, तो ऐकू येतो तिसातला आणि लिहायचा विसातला. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’, ‘ऐंशी सात’ अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. चेष्टा पुष्कळ झाली. मूळ अडचणीवर, म्हणजे आपल्या संख्यानामांचं ओझं सहा-सात वर्षांच्या मुलावर किती पडतं यावर, बोलणं फार कमी झालं. चिनी मूल दहापर्यंत शिकलं की अकरा म्हणजे ‘दहा-एक’ असं पुढे आपोआप जातं. आपल्या मुलाला शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द नव्याने शिकावा लागतो. दोघांना एकच ‘वीसपर्यंत मोज’ विचारून देशांची तुलना केली, तर त्यात भाषा मोजली जाईल आणि दोष मुलाच्या आणि बाईच्या माथी बसेल.

युनिसेफची एक वीस प्रश्नांची यादी आहे, दोन ते पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या आईला विचारायची. शाश्वत विकास उद्दिष्टांत मुलांचा विकास ‘योग्य मार्गावर’ आहे का, हे त्यावरून मांडतात. त्यात एक प्रश्न: मूल स्वतःचं नाव लिहितं का? नमन आणि अथर्व एका दिवशी जन्मले, एका बाकावर बसतात. नमनला तीनच अक्षरं, त्यातली दोन सारखीच. अथर्वला अ, थ, व आणि डोक्यावर रफार. देशाच्या पातळीवर अंदाज घ्यायला ही यादी बनली आहे आणि तिथे ती कामाची आहे. एकेका मुलावर शिक्का मारायला ती बनलेली नाही. वरच्या पातळीसाठी केलेलं माप खालच्या पातळीवर उतरवलं, की अथर्वच्या आईला बोलावणं येतं.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून शाळेत पाऊल ठेवलेल्या चार वर्षांच्या मुलांची पहिल्या सहा आठवड्यांत वीसेक मिनिटांची चाचणी सक्तीची आहे. तिचे गुण बाईंना सांगत नाहीत, आईवडिलांनाही नाहीत. ते सरकारजवळ राहतात आणि मूल प्राथमिक शाळा संपवतं तेव्हा शाळेची प्रगती काढायला वापरायचे. सात वर्षं तो आकडा ज्या मुलाचा आहे त्याच्या काहीही कामाचा नाही. बाईंनी मुलांना ओळखायचे ते पहिले आठवडे असतात, आणि त्यातलीच वीस-वीस मिनिटं त्यात जातात.

आपल्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने तीन ते सहा वयात परीक्षा नको, निरीक्षण हवं असं म्हटलं आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला बंदी केली आहे. तरी ‘निरीक्षण’ हा शब्द आला की त्याचाही चाळीस चौकोनांचा तक्ता होतो. करायचं तर ते असं: रोज पाच मुलं, म्हणजे पंचवीस मुलांचा आठवड्यात एक फेरा. प्रत्येकाच्या दोन ओळी. तारीख, काय करत होतं, काय म्हणालं. विशेषण लिहायचं नाही. ‘हुशार पण चंचल’ वाचून दुसऱ्या बाईला काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘पाणीखेळ. मोठ्या भांड्यात किती वाट्या मावतात ते तीनदा भरून बघितलं. चौथ्यांदा आधीच म्हणाली, सहा.’ यातून उद्या काय द्यायचं ते ठरतं: दोन वेगळ्या आकारांची भांडी. या ओळीची बेरीज करून जिल्ह्याला पाठवता येत नाही, आणि म्हणूनच वेळ कमी पडला की पहिली हीच वही बंद होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. ‘पालक उदासीन’ असा शेरा मारून हजेरीपट वर पाठवणं सोपं होतं. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. रिकाम्या हजेरीपटाने तिथे मोठ्यांना जागचं हलवलं.

खासगी शाळांबद्दलही एक सांगायला हवं. बाणेर-खराडीच्या प्लेग्रुपमध्ये मूल किती झोपलं, डबा किती संपला, हे फोटोसकट ॲपवर येतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांचा माग काढायला मनाई आहे, पण सूट देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. प्रवेश घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: हे साठतं कुठे, किती वर्षं, आणि मूल शाळा सोडेल तेव्हा पुसणार का. बाणेरच्या आईला हे विचारता येतं आणि उत्तर पटलं नाही तर दुसरी शाळा बघता येते. वस्तीतल्या आईचा चेहरा जुलै २०२५ पासून टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट घेताना फोनवर जुळवला जातो. तिला नाही म्हणायचं असेल तर पाकीट सोडावं लागेल. संमती हा शब्द दोघींसाठी एकच छापलेला आहे.

८१.३ चा मुलगा अजून पट्टीजवळ उभा आहे. त्याच्या आईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड असतं, लसीच्या तारखांमुळे घडीवर फाटत आलेलं. त्यात वाढीचा आलेख आहे, मुलग्यांचा निळा, मुलींचा गुलाबी. आत हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. सेविकेने आजचं वजन ॲपमध्ये भरलंच आहे. तोच ठिपका या कार्डावरही काढावा, मागच्या महिन्याच्या ठिपक्याला रेघेने जोडावा आणि कार्ड आईच्या हातात सरळ धरून द्यावं, उलटं नाही. रेघ चढतेय, सपाट आहे की उतरतेय, हे अक्षर न येणाऱ्या आईलाही दिसतं. सपाट दिसली तर तीच सांगते, मागच्या पंधरवड्यात जुलाब झाले होते, किंवा धुणीभांड्याची चार कामं धरली तेव्हापासून दुपारचं भरवायला कुणी नाही. आणि उंचीच्या आकड्याशेजारी, समासात, पेनाने एक शब्द: ‘उभं’.